जाळ्यावरून

“एकट्यानं धावू नको रे सुकलू! मासा एकट्याले भीत असते का? सारे संग जा!”

इस्तारीभाऊ बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून ओरडत होता. खाली आटलेल्या बोडीत त्याच्या फुटबॉल टीमची पोरं चेंडूवाल्यावर अर्धगोल करून तुटून पडत होती. पुढचे दाबत नेत, मागचे त्यांच्या पाठोपाठ वर सरकत. समोरच्याला मान वर करायला उसंत मिळत नसे. भाऊनं ही रीत कुठल्या पुस्तकातून आणली नव्हती. ढिवरांची मासे हाकायची रीतच ती. पाणी बडवत घेर आवळायचा, मासा वळायच्या आत जाळ्यात.

त्या रीतीनं पोरांनी आसपासची सगळी गावं हरवली होती. इंदिराबाईचा पोरगा डोमा गोल राखायला असे. तिथवर चेंडू येतच नसे, तो आपला तळपायातले काटे काढत बसे. लहानपणी मासे हाकताना तो बायांच्या रांगेत मायच्या पदराशी उभा राही आणि जाळ्यावरून उडालेला मासा हातानं झेली. म्हणून भाऊनं त्याला गोलात घातलं, एवढंच.

रविवारी घुग्घुसच्या खाणीच्या टीमशी गाठ होती. छप्पन सालचा उन्हाळा तो. मॅनेजरसाहेब बोलून बसला होता, आमच्यांना हरवलं तर अकराही पोरं कामावर घेतो. मालगुजाराची जमीनदारी गेल्यापासून बोडीचा गाळ कोणी काढत नव्हतं, मासे उरले नव्हते. गावाला देवच पावल्यासारखं झालं. सुकलूची माय वच्छला तर नवसही बोलली.

इंदिराबाई नवस बोलली नाही. तिचा नवरा केवळराम त्याच खाणीत गेला होता. छत बसलं. वर आणला तेव्हा करदोड्यावरून ओळखावा लागला. तेव्हापासून ती दर सोमवारी निराहार राही, महादेवापुढे दिवा लावी आणि एकच मागी, माझ्या डोम्याले उजेडात ठेव.

“माय, जिंकलो का तुले टोपली घेऊन फिरा नाई लागणार,” डोमा म्हणाला.

“जेव तू,” ती म्हणाली.

शनिवारी नदीची थोडी मासोळी घेऊन ती घुग्घुसच्या चाळीत गेली. खाणीच्या टीमचा कप्तान लच्छू मुकादम तिचं नेहमीचं गिऱ्हाईक.

“काऊन बाई, उद्या तुमचे पोरं आमाले हाकलून जाळ्यात घालतेत म्हणे?” तो हसला.

ती मासे निवडत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, “भाऊ, घेर आवळला का शहाणा मासा धडका देत नाई. वरून उडते. सारे पुढं आले रायतेत, मागं मोकळं पाणी.”

लच्छूचं हसू थांबलं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

परतताना तिनं देवळाच्या पायरीवर नाक घासलं. पाप माझं देवा, पोराले लावू नको.

रविवारी पोरांनी घेर धरला आणि लच्छूनं चेंडू उचलून त्यांच्या डोक्यांवरून मारला. मागं मोकळं मैदान, खाणीचे धावते गडी आणि एकटा डोमा. पुन्हा तेच. पुन्हा तेच. ओरडून ओरडून भाऊचा घसा बसला, पण पोरांना दुसरं काही येतच नव्हतं. डोमा धुळीत पडत होता, उठत होता, परत पडत होता. गुडघे फुटले. इंदिराबाईनं डोळ्यांना पदर लावला. गोल झाला असं कानावर आलं की ती एक बोट मिटी. चार बोटं मिटली.

खेळ सुटल्यावर सुकलू मैदानातच उताणा पडून राहिला. वच्छला रडत धावून आली. “तुया पोरानं चार खाल्ले, इंदिराबाई! आमचे पोरं मरमर धावले अन् हा लोळत होता धुळीत!”

“हो बाई. मायाच पोरानं.”

इस्तारीभाऊ पाठमोरा बसला होता. “रीत खोटी नव्हती,” तो स्वतःशीच म्हणत होता. “त्याइले सांगतलं कोणं?”

इंदिराबाईला त्याच्याकडे बघवेना. गावातल्या साऱ्या चुलींवर तिनं आपल्या हातानं पाणी ओतलं होतं. हे कुठल्या उपासानं फिटायचं? डोमाच्या गुडघ्यावरची माती ती पदरानं पुसू लागली. पोराची मान वर होत नव्हती. नसू दे. उजेडात तर आहे.

तेवढ्यात लच्छू मैदान ओलांडून आला आणि त्यानं डोमाच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाई, साहेब म्हणे, टीम काई कामाची नाई. पण इतके सुटे चेंडू अंगावर आले अन् या पोरानं चारच जाऊ देल्ले! असा गोलकीपर आपल्या खाणीत नाई म्हणे.” तो तिच्याकडे पाहून ओळखीचं हसला. “उद्या सोमवार, दिवसही चांगला. पहिल्या पाळीलेच खाली उतरव म्हणे.”