सोनगीरचा झ

विरोध अर्ज वाचून हितेंद्र वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ललितशेठ, ही सोनगीरची शेवंताबाई कोण?"

ललितला काय ठाऊक! जळगावच्या 'झुलाल मसाले'चं नाव बदलून नुसतं 'झ' करायचं, ही त्याची हौस. पुण्याच्या डिझाइनवाल्यांनी सहा महिने डोकं खाजवलं आणि त्याच्या वडिलांच्या नावातली दोन अक्षरं नि एक उकार काढून टाकला. नवी पाकिटं छापून झाली. धुळ्याजवळ महामार्गावर दोन मजली 'झ' उभा राहिला. ट्रेडमार्कची नोंदणी तेवढी बाकी होती, आणि तेवढ्यात या बाईंचा अर्ज येऊन धडकला. गेली चाळीस वर्षं माझ्या काळ्या मसाल्याच्या पुड्यांवर 'झ' आहे, असं बाईंचं म्हणणं. सोबत आठवडे बाजारातला जुना फोटो. त्यात पुड्यांची रास, आणि प्रत्येक पुडीवर शाईने काढलेला झ.

"मुळात एका अक्षरावर हक्क सांगणं अवघड," वकील म्हणाले. "त्यात बाई आपल्या आधीपासून वापरतायत. त्यांनी लेखी संमती दिली तरच निभावेल. नाहीतर पाकिटं रद्दीत."

"आडनावही आमच्यासारखं पाटीलच आहे त्यांचं," ललित म्हणाला.

"खान्देशात दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो," वकील हसले.

घरी झुलालभाऊंनी अर्ज दोनदा वाचला. खालची सही जरा जास्तच वेळ पाहिली. "सोडून दे ते अक्षर," ते म्हणाले. "दुसरं घे. बाराखडीत काय दुष्काळ पडलाय?" आणि न जेवताच उठले.

नाव कापलं म्हणून म्हातारा अजून रुसलाय, असं ललितने धरलं. त्याला वाईट वाटलं. पण माघार घेववेना. कंपनी हातात आल्यापासूनचं त्याचं हे पहिलं मोठं काम होतं.

सोनगीरहून निरोप आला. बोलणी समोरासमोर होतील. मालकाच्या घरातलंच माणूस हवं, आणि नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारीच या.

"नेमका सुट्टीचा दिवस सापडला बाईंना!" वकील कुरकुरले.

दोघं पोहोचले तेव्हा त्या घरात खान्देशची देवी कानबाई बसली होती. अंगणात ढोल वाजत होता, पोरीबाळी फुगड्या घालत होत्या, आतून पुरणाचा वास येत होता. ललितच्या घरी कानबाई कधी बसलीच नव्हती. आपल्याला भाऊबंदच नाहीत, कुणासोबत करायची, असं झुलालभाऊ म्हणायचे. ललितला ती गडबड अशी आवडली की कशासाठी आलो हेच तो विसरला आणि पाच मिनिटं दारातच उभा राहिला.

शेवंताबाई ठेंगण्याशा, सत्तरी ओलांडलेल्या. वकिलांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ललितला मात्र डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "ये भाऊ. बठ्ठा जमेल शेतस, तूच राहेल व्हता."

सगळे जमलेत, तूच तेवढा राहिला होतास! काय अगत्य, असं ललितच्या मनात आलं.

वकिलांनी बसल्या बसल्या विषय काढला. "अक्का, तुमचं नाव शेवंता. मग पुडीवर झ कसा?"

"घरमा व्हतं ते लिखं."

"इतकी वर्षं 'झुलाल मसाले' विकला जातोय. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"पुरं नाव व्हतं, तवपर्यंत मी काय बोलू? आते मना झ लिधा, म्हनीसन बोलनू."

"दुसऱ्या कुठल्या अक्षरावर भागणार नाही का तुमचं?"

"नही. हाई अक्षर घरना बाहेर जाणार नही."

वकिलांनी कागद पिशवीत घातले. ललितला राहवलं नाही. "अक्का, खरं सांगतो. हौसेपायी मी वडिलांचं नाव कापलं. आता हेही अक्षर गेलं, तर त्या पाकिटावर त्यांचं काहीच उरणार नाही."

शेवंताबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "पहिले जेवी ले."

"केस गेली," वकील पुटपुटले. "निदान जेवण तरी चापू."

पंगत बसली. ललितच्या शेजारी जीवरामनाना म्हणून एक हसरे आजोबा होते. पाहुण्याला सण ठाऊक नाही हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला! कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, गावात असो की परमुलखात, असं त्यांनी हाताची मूठ करून दाखवत सांगितलं. ललितने मान डोलावली. त्याचं अर्धं लक्ष रद्दीत जाणाऱ्या पाकिटांकडे होतं.

वकिलांच्या पानात पुरणपोळी पडली. ललितच्या पानात शेवंताबाईंनी जाडजूड, तुपाने माखलेला रोट ठेवला.

वाढायला आलेली शेजारची कोकिळा जागीच थबकली. ढोलाच्या वर आवाज काढून ती ओरडली, "अक्का, काय करी ऱ्हायनी? हाऊ रोट शे! भाऊबंदना बाहेर कोणले देतस नही!"

"बाहेर कोठे दिन्हा?" शेवंताबाईंनी रोटावर आणखी एक पळी तूप सोडलं. "मना देरना पोऱ्या शे तो. झुलाल रुसीसन गया, पण त्याना नावनी मूठ मी एक बी साल चुकू दिन्ही नही. रोट बी त्याना, अक्षर बी त्यानंच."