रडायला जागा

घरं विकायचं ऑफिस युर्तात थाटलंय, हे बघूनच कलिपाची अर्धी कुरकुर गळाली. नव्या उंच इमारतींच्या मधोमध हिरवळ, आणि हिरवळीवर पांढऱ्या लोकरी नमद्याचा गोल तंबू, अस्सल डोंगरातल्यासारखा. म्हातारीनं सवयीनं दाराशी बूट काढले. आत कॉम्प्युटर होता, एसी होता, आणि मधोमध, जिथे चूल असायला हवी तिथे, एका टेबलावर सगळ्या वसाहतीचा पुठ्ठ्याचा नमुना मांडला होता. मुलगा आणि सून बूट घालूनच आत आले.

मुलाची, तालाईची, बदली डोंगरातल्या नारिनहून राजधानीत, बिश्केकला झाली होती. सकाळपासून तिघं घर शोधत होती. बाजारापलीकडच्या वस्तीत धुरानं डोळे चुरचुरले. कालव्याकडच्या वस्तीतून शाळा इतकी लांब, की तालाईची पोरगी रोज बसमध्येच मोठी झाली असती. इथे शाळा फाटकाच्या आत होती. ते ऐकताच सून पेरिझात मनानं इथे राहायला आली होती, आणि तालाई सहीसाठी खिशात पेन चाचपत होता.

कलिपा नमुन्यावर वाकली. इमारती, झाडं, घसरगुंडी, नखाएवढी माणसं.

"ह्यात युर्त कुठे लावता?" तिनं विचारलं.

विक्रीला बसलेल्या मेरिमला वाटलं, आजींना सणावाराची हौस आहे. हा युर्त कायमचा इथेच असतो, नवरोजला ह्यात गाणंबजावणं होतं, लोक फोटो काढतात, असं तिनं उत्साहानं सांगितलं.

"ते नव्हे. माणूस गेलं की."

तालाईनं आईच्या कोपराला हात लावला. गाडी कुठे चालली आहे ते त्याला कळलं होतं. नवरा गेला तेव्हा कलिपानं त्याला स्वतःच्या अंगणात, युर्तातून निरोप दिला होता. आत बायका लाकडी जाळीच्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या, बाहेर पुरुष कंबरेला हात लावून मोठ्यानं हाका घालत होते, आणि जिथवर आवाज पोचला तिथलं प्रत्येक घर आलं होतं. तिलाही तसंच जायचं होतं. शहरात यायला तिनं तेवढी एकच अट घातली होती.

मेरिम वाईट मुलगी नव्हती. आवाज खाली आणून तिनं सांगितलं, की ते इथे चालत नाही. रहिवासी समितीचा नियमच आहे: अंगणात मयत नाही, मयताच्या जेवणाच्या कढया नाहीत, रडारड नाही. त्यासाठी शहरात चांगले हॉल मिळतात, खुर्च्यांसकट.

"म्हणजे युर्त चालतो," कलिपा म्हणाली. "आत मेलेलं माणूस नसलं की झालं."

"आजी, नियम मी नाही केला. इथल्या लोकांनाच नको असतं ते."

"लोकांनी सांगितलं तुला?"

मेरिमनं पुन्हा समितीचंच नाव घेतलं. पेरिझातनं सासूकडे अशा नजरेनं पाहिलं, की आता पुरे. तिचंही काही चुकत नव्हतं. शाळा समोर दिसत होती, आणि सासूबाई चांगल्या ठणठणीत होत्या.

"आई, तू काही उद्या मरत नाहीयेस," तालाई म्हणाला.

"मेल्यावर मला जागा बघत फिरता येणार नाही. आज पाय चालतायत, तर आज बघते."

आणि ती उजवीकडे गेली, युर्तात बायका बसतात त्या बाजूला. तिथली खुर्ची सरकवली, जाळीकडे तोंड करून खाली बसली, दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि नवऱ्याच्या नावानं विलाप धरला. त्याच्या तांबड्या घोड्याचं नाव घेतलं, तो गेला त्या हिवाळ्याला शिव्या घातल्या. खोऱ्याच्या ह्या अंगाहून त्या अंगाला हाक घालण्यात घडलेला गळा तो. नमद्याची भिंत त्याला काय अडवणार होती!

मेरिम आधी कॉम्प्युटरवर चाललेलं गाणं बंद करायला धावली, मग दाराचा पडदा सोडायला. तालाईचे कान लाल झाले. पेरिझात थोडा वेळ उभीच राहिली. पण सासू एकटी रडतेय आणि सून उभी राहून बघतेय, हे तिचं तिलाच सोसेना. तिनं बूट काढले, डोक्याला रुमाल बांधला आणि शेजारी जाऊन बसली.

वर खिडक्या उघडू लागल्या. आता तक्रारी येणार म्हणून मेरिम फोन हातात धरूनच उभी होती. पण फोन वाजला नाही. समोरच्या इमारतीतून एक म्हातारा घरातल्या सपातांवर धावत निघाला. कोण गेलं हे ठाऊक नसताना तो लांबूनच कंबरेला हात लावून "अरे माझ्या भावा, भावा रे" असा हंबरडा फोडत आला. मागून बायका आल्या, चालता चालता रुमाल बांधत. एकीच्या हाताला कणीक तशीच होती.

दाराशी म्हाताऱ्यानं हुंदका आवरला. "कोण गेलं?"

"माझा म्हातारा," कलिपा डोळे पुसत म्हणाली. "नारिनला. बरीच वर्षं झाली."

मेरिम घाईघाईनं सांगू लागली, की काही झालेलं नाही, ह्या नुसतं घर बघायला आल्यात. म्हाताऱ्यानं तिला हातानंच थांबवलं.

"तेव्हा मला कुणी कळवलं नव्हतं," तो म्हणाला. "आज कळलं." मग टेबलाकडे बघून तो वैतागला. "आणि हे काय मध्ये मांडून ठेवलंय? माणसांनी बसायचं कुठे?"

नमुना उचलून बाहेर न्यायला चौघं लागली. मेरिम फक्त "हळू" म्हणाली, आणि चौथा कोपरा तिनंच धरला.

कलिपानं नाक पुसलं आणि मुलाकडे वळून म्हणाली, "घे इथे घर."

"अगं पण आई, नियम..."

ती ऐकतच नव्हती. आलेल्या बायकांना जागा करून देण्यात ती गुंतली होती. बाहेर हिरवळीवर अख्खी वसाहत ठेवलेली होती, आणि तिच्या इमारतींच्या चहूबाजूंना लोक आपापले बूट काढून ठेवत होते.