पुढचा थांबा

मौलानाचाचांचं नाव रस्त्याला लागलं, त्या सकाळी पहिली बस चालवायला नेमकी तिच्याकडे होती. चाचा मशिदीत नमाज पढवायचे, पण कुणाच्याही घरात भांडण असो की मयत, सगळ्यांआधी दारात हजर. “मुलीनं बस चालवायची?” म्हणत तिचे वडील हटून बसले, तेव्हा चाचाच मध्ये पडले. “पहिल्या दिवशी मी बसतो मागं. भीती वाटली तर उतरेन,” म्हणाले, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत चक्क घोरत राहिले. चाचा जाऊन वर्ष झालं. आज त्या सीटवर चाची बसल्या होत्या. वळण आलं तसा तिनं माईक चालू केला. “पुढचा थांबा, मौलानाचाचा मार्ग,” ती इतकं हळू म्हणाली, की नाव कुणाला ऐकूच गेलं नाही. “परत सांग, बेटा,” चाची म्हणाल्या. तिनं खणखणीत सांगितलं. थांब्यावर उतरणारं कुणी नव्हतं, तरी बस थांबवून तिनं दार उघडलं.