फिरत्या दांडीवरचा तोल

घाटाच्या तोंडाशी पोलिसांनी गाडी अडवली, तेव्हा इरावतीला हायसं वाटलं. लग्नघरी तिचा नवरा उदयन दुपारपासून पीत होता आणि काही केल्या किल्ली देत नव्हता.

तपासणी म्हणजे फिरत्या दांडीवर मिनिटभर उभं राहायचं. उदयन हसत चढला आणि तसूभरही न हलता खाली उतरला. दारूने तोल न जाणं त्याच्या जनुकांतच होतं, आणि कायदा आता श्वासातली दारू न मोजता फक्त तोल बघायचा.

"साहेब, ह्यांचे पाय डगमगत नाहीत, पण डोकं ठिकाणावर नाही," इरावती काकुळतीने म्हणाली. "प्रयोगशाळेत मी असेच उंदीर सांभाळते. दारू पाजली तरी दांडीवरून पडत नाहीत, पण टेबलाची कड आली तरी थांबतही नाहीत."

"ताई, ते पास झालेत, मी काय करणार?" हवालदार म्हणाला. "हवं तर तुम्ही चालवा. चढा दांडीवर."

ती थेंबभरही प्यायली नव्हती. पण मागच्या सीटवर छोटी लेक रेवा झोपली होती, उदयन रोखून बघत होता, आणि इरावतीचे पाय लटपटायला लागले. दांडी फिरताच ती खालच्या गादीवर कोसळली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"नापास. आज तुम्हाला गाडी चालवता येणार नाही."

तोवर उदयनने गाडी सुरू केली होती. इरावती धावत मागच्या दारातून आत शिरली आणि तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"बघितलंस? तुझ्यापेक्षा मीच शुद्धीवर आहे," उदयन म्हणाला आणि आंधळ्या वळणावर त्याने ट्रकला मागे टाकायला गाडी उजवीकडे घेतली.