स्वतःच्या वापरासाठी

यवतमाळला नर्सिंग शिकायचं तर फॉर्म आज पाचच्या आत भरायचा होता, आणि तो मोबाईलवर उघडत नव्हता. रुपालीनं शेजारून लॅपटॉप आणला. "बाबा, तुमचा हॉटस्पॉट द्या."

"घे ना माय, मले कायले लागते एवढं नेट!" पाण्याचा तांब्या पुढं करावा तसा देवरावांनी फोन पुढं केला.

लॅपटॉप जोडला जाईना. देवरावांनी कंपनीला फोन लावला. रेकॉर्ड केलेला एक गोड आवाज पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "या प्लॅनमधला डेटा फक्त आपल्या स्वतःच्या वापरासाठी आहे."

पाच वाजले. रुपालीनं लॅपटॉप मिटला.



देवराव अजून त्या आवाजाला समजावत होते, "पण ताई, पोरगी माह्यीच हाय ना!"