दिवा न लागणारा बाक

तपासणी समिती खूश होऊन गेली. मुलांच्या मनातलं ओळखून आपोआप लागणारा दिवा एकाही बाकावर पेटलेला नव्हता, म्हणजे कोरगावकरबाईंच्या वर्गात कुणालाच एकटं वाटत नव्हतं. बाई हसतच मागे वळल्या, तर खिडकीजवळच्या बाकावर काळी चिकटपट्टी दिसली. त्यांनी ती ओढून काढली. खाली दिवा ढणाढणा जळत होता.

“हे काय रे?” त्यांनी तिथं बसलेल्या मुलाला दरडावलं.

“दिवा दिसला की सगळे गुणांसाठी येतात, मॅडम. दोन मिनिटं बोलतात नि जातात. मग जास्तच एकटं वाटतं.”

बोलायला जाणाऱ्याला गुण द्यायची कल्पना बाईंचीच होती. त्या खजील झाल्या. निदान त्याला नावानं हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण नाव आठवेना. ते त्यांनी वर्षभरात कधी विचारलंच नव्हतं.