यंदाचा नंबर

मुलं घरी गेल्यावर हिनाको मोठ्या बाईंसमोर कमरेत वाकून उभी राहिली. टेबलावर तिनं आणलेला मिठाईचा खोका होता.

"माफ करा. नंबर नसताना झालं. तिसरा महिना आहे."

जपानमधल्या नागाओका शहरातल्या त्या पाळणाघरात कोणी कधी बाळंत व्हायचं, हे मोठ्या बाई ठरवत. लग्न झालेल्यांची यादी होती, वर्षाला एकीचाच नंबर. दोघी एकदम रजेवर गेल्या तर तेवढ्या पगारात बदली बाई मिळत नसे.

"यंदा तोमोएचा नंबर आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आठ वर्षं थांबलीय ती. तुझ्या लग्नाला आठच महिने झालेत, तुला दम निघाला नाही?"

"लग्नातला केक तरी संपू द्यायचा," मागे उभ्या बायकांपैकी कोणीतरी पुटपुटलं.

हिनाकोनं राजीनाम्याचं पाकीट खोक्याशेजारी ठेवलं.

तोमोए कोपऱ्यात दुलया घड्या करत होती. वय अडतीस. यादीत नाव लागलं तेव्हा तिचा नवरा कोसाकू चिडवायचा, "आपल्या पोराला जन्माला यायलाही तुमच्या बाईंचा शिक्का लागतो काय?" ती म्हणायची, "थोडं थांब रे. नोकरी गेली तर तुझ्या एकट्याच्या पगारात भागेल का?" मग वरच्या दोघींना दुसरं मूल हवं झालं आणि तिचा नंबर मागे गेला. रोज दुपारी परक्या मुलांना थोपटताना ती मनात आपल्या बाळाचं नाव ठेवी. दुसऱ्या दिवशी ते बदलत असे.

"माझा नंबर हिनाकोला द्या," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? पुढचा चार वर्षांनी येईल. नवऱ्याला तरी विचार!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"तो काही म्हणायचा नाही."

"असा नवरा मिळायला नशीब लागतं हो!" मागच्या बायकांतली एक म्हणाली.

तोमोए हसली. हिनाकोनं तिचा हात घट्ट धरला, कितीतरी वेळ सोडलाच नाही.

बसथांब्यावर बर्फ भुरभुरत होता. तोमोएनं हातमोजा काढून फोन लावला.

"कोसाकू, यंदा माझा नंबर आला होता. मी सोडून दिला."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तोमोए, मी मुलीला आंघोळ घालतोय. आणि असा फोन करत जाऊ नकोस. माझ्या बायकोला आवडत नाही."